पडद्यावर संपले, कागदावर पुढे चालू

मागील अंकात जुन्या सुपरहिरोपटांवर लेख प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे होता. बंद पडलेल्या मालिका आणि मागे पडलेले चित्रपट कॉमिक्सच्या रूपाने पुढे चालवण्याची जी प्रथा अमेरिकेत रुजली आहे, तिच्याविषयी वाचकांना बरेच काही विचारायचे आहे. त्यातील सहा प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : अ‍ॅडम वेस्ट यांची बॅटमॅन मालिका १९६८ मध्ये बंद झाली. बॅटमॅनची कॉमिक्स तर त्यानंतरही दरमहा निघतच होती. मग तब्बल ४५ वर्षांनी त्या मालिकेच्या नावाने वेगळे कॉमिक काढण्याची उपरती प्रकाशकांना का व्हावी? जुन्या आठवणींवर पैसे कमावण्याखेरीज यात दुसरे काही आहे का? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : पैसे कमावणे हा हेतू आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ४५ वर्षे का लागली, याचे उत्तर त्यात सापडत नाही. बॅटमॅन हे पात्र डीसी या कॉमिक्स प्रकाशनसंस्थेचे, म्हणजे पुढे वॉर्नर या चित्रपटसंस्थेच्या मालकीचे झाले, तर मालिका तयार केली होती ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने, एबीसी वाहिनीसाठी. पात्र एकाचे आणि चित्रफीत दुसऱ्याची, अशा या गुंत्यामुळे १२० भागांची ती गाजलेली मालिका कित्येक वर्षे घरी पाहण्यासाठी विकतही मिळत नव्हती. या दोन कंपन्यांमध्ये समझोता झाला, त्यानंतर मालिकेतील चेहरेमोहरे वापरून वस्तू काढता येऊ लागल्या, आणि जुलै २०१३ मध्ये ‘बॅटमॅन ’६६’ हे कॉमिक सुरू झाले. संपूर्ण मालिकेचा संच बाजारात आला तो नोव्हेंबर २०१४ मध्ये. म्हणजे गंमत अशी की मालिकेचे पुढचे भाग वाचकांच्या हाती आधी आले आणि मूळ भाग मागाहून.

दुसरे कारण अभिरुचीचे आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. कॉमिक्सच्या जगाला या मालिकेची कित्येक वर्षे लाज वाटत होती. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात बॅटमॅन जो अंधारा, जखमी आणि संतापी झाला, त्यामागे रंगीबेरंगी बॅटमॅनची छाया पुसून टाकण्याची धडपड होती. ती इतकी यशस्वी झाली की बॅटमॅन कधी कोणाला हसवत होता, हे सांगूनही खरे वाटेनासे झाले. २०१३ पर्यंत या गडदपणाचाही वाचकांना कंटाळा येऊ लागला होता, आणि त्या कंटाळ्यातूनच जुन्या उजेडाची आठवण झाली.

लेखक जेफ पार्कर यांनी येथे एक मर्म अचूक ओळखले. ती मालिका विनोदी होती, पण तिच्यातील बॅटमॅन विनोदी नव्हता. सुसाट गाडी निघण्यापूर्वी आपला तरुण साथीदार रॉबिन याला सीटबेल्टची आठवण करून देणारा तो सज्जन गृहस्थ आपण काही गमतीचे बोलत आहोत असे क्षणभरही मानत नाही. हसायचे ते प्रेक्षकाने. पार्कर यांनी बॅटमॅनच्या तोंडी एकही टवाळ वाक्य घातले असते तर सारा डोलारा कोसळला असता. त्यांनी तो मोह टाळला, आणि चित्रकार जोनाथन केस यांनी जुन्या छपाईतील रंगीत ठिपक्यांची आठवण करून देणारी रंगयोजना वापरून तोच सूर चित्रांतही सांभाळला.

केवळ आठवणींवर जगणाऱ्या कॉमिकने मालिकेतील प्रसंग पुन्हा रंगवून वेळ निभावली असती. या कॉमिकने मालिकेला जे जमले नव्हते ते करून पाहिले. टू-फेस हा बॅटमॅनचा अत्यंत जुना शत्रू त्या मालिकेत एकदाही आला नाही. हार्लन एलिसन यांनी त्याच्यावर एका भागाचा आराखडा लिहिला होता, पण त्याचे चित्रीकरण कधीच झाले नाही. तो आराखडा लेन वाइन यांनी विस्तारला, होजे लुईस गार्सिया-लोपेझ यांनी चितारला आणि २०१४ मध्ये ‘हरवलेला भाग’ म्हणून तो प्रसिद्ध झाला. टेबलाच्या खणात जवळपास अर्धशतक पडून राहिलेला भाग अशा रीतीने वाचकांपुढे आला, याला मी नुसता धंदा म्हणणार नाही.

प्रश्न : १९८९ च्या ‘बॅटमॅन’ चित्रपटाचा खरा पुढचा भाग कोणता मानावा? माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा यावरून वाद आहे. तो म्हणतो की कॉमिक हेच खरे, कारण ते मूळ पटकथाकाराने लिहिले आहे. (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : आपल्या बंधूंची माहिती बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या सहा अंकांच्या ‘बॅटमॅन ’८९’ चे लेखक सॅम हॅम हेच १९८९ च्या चित्रपटाच्या पटकथेचे एक लेखक होते. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’च्या कथेसाठीही त्यांचे नाव श्रेयनामावलीत आहे, पटकथा मात्र डॅनियल वॉटर्स यांची. म्हणजे तिसरा चित्रपट आपल्या हातून झाला असता तर कसा झाला असता, याचे उत्तर हॅम यांनी जो क्विनोनेस यांच्या चित्रांसह दिले. असे असले तरी १९९५ चा ‘बॅटमॅन फॉरएव्हर’ त्याच निर्मिती संस्थेने त्याच मालिकेतील तिसरा चित्रपट म्हणून प्रदर्शित केला होता. २०२३ च्या ‘द फ्लॅश’मध्ये १९८९ चे बॅटमॅन मायकेल कीटन यांनी स्वतः ती भूमिका पुन्हा केली आणि त्या म्हाताऱ्या ब्रूस वेनची (बॅटमॅनचे हे खरे नाव) कहाणी वेगळीच निघाली. २०२४ मध्ये जॉन जॅक्सन मिलर यांची एक कादंबरी आली, तीही पहिल्या चित्रपटाच्या पुढची. मूळ चित्रपट एक आणि त्यापुढचे रस्ते चार, असा हा प्रकार आहे, आणि हे चारही रस्ते अधिकृत परवान्याचे आहेत.

जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकांना पाठभेद नवे नसतात. अमुक पोथीत हा श्लोक आहे आणि तमुक पोथीत नाही, म्हणून ते एक पोथी जाळत नाहीत. प्रत्येक पाठ कोणी, कधी आणि कशासाठी तयार केला हे पाहतात. चाहते ज्याला ‘कॅनन’, म्हणजे अधिकृत मानलेली कथा, म्हणतात त्याचा निर्णय मालकी हक्कावरून होतो, आणि मालक आपले मत केव्हाही बदलू शकतो. २००६ चा ‘सुपरमॅन रिटर्न्स’ आठवा. त्याने १९८३ आणि १९८७ चे दोन सुपरमॅनपट झालेच नाहीत असे गृहीत धरून १९८० च्या दुसऱ्या चित्रपटानंतरची गोष्ट सांगितली. ज्यांनी ते दोन चित्रपट तिकीट काढून पाहिले होते, त्यांच्या दृष्टीने ते झालेलेच होते.

तरीही आपला वाद मिटवायचाच असेल, तर मी वेगळी कसोटी सुचवेन. मूळ चित्रपटाने पेरलेले बी कोणत्या पुढच्या भागात उगवले, ते पाहावे. १९८९ च्या चित्रपटात सरकारी वकील हार्वी डेंटची भूमिका बिली डी विल्यम्स यांनी केली होती. हा डेंट पुढे टू-फेस होणार, हे कॉमिक्स वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. पण १९९५ मध्ये टू-फेस आला तो टॉमी ली जोन्स यांच्या रूपात, आणि विल्यम्स यांना आपल्या पात्राचा उत्तरार्ध करायला मिळाला नाही. अनेक वर्षांनी, २०१७ च्या लेगो बॅटमॅनपटात त्यांनी टू-फेसला केवळ आवाज दिला. ‘बॅटमॅन ’८९’ मध्ये तो उत्तरार्ध विल्यम्स यांच्याच चेहऱ्याने पूर्ण होतो. कृष्णवर्णीय वकील, त्याचे शहर आणि त्या शहराने त्याच्याकडून बाळगलेल्या अपेक्षा हा कथेचा कणा होतो. त्यातला रॉबिनही नवा आहे. ड्रेक विन्स्टन नावाचा तो तरुण बॅटमॅनचा मिंधा होऊन राहणारा नाही. या कसोटीवर तुमचे बंधू जिंकतात, मात्र त्यांनी दिलेल्या कारणामुळे नव्हे. हॅम यांच्याऐवजी दुसऱ्या कोणी हे लिहिले असते तरी माझे मत हेच राहिले असते.

प्रश्न : माझ्याकडे १९८९ सालचेच ‘बॅटमॅन’चे कॉमिक आहे. ते आणि आपण म्हणता ते एकच का? (एक संग्राहक)

उत्तर : नाही. आपल्याकडे आहे ते चित्रपटाचे रूपांतर. डेनिस ओ’नील यांनी लिहिलेले आणि जेरी ऑर्डवे यांनी चितारलेले. त्यात चित्रपटाचीच गोष्ट आहे. अशी रूपांतरे चित्रपटाबरोबरच बाजारात आणायची असल्याने ती चित्रपट पूर्ण होण्यापूर्वीच पटकथेवरून तयार करावी लागत, म्हणून त्यांत आणि पडद्यावर थोडाफार फरक आढळतो. ऑर्डवे यांनी नटांचे चेहरे फार मेहनतीने साधले आहेत. प्रत जपून ठेवावी.

प्रश्न : मी चित्रकलेचा विद्यार्थी आहे. ख्यातनाम नटांचे चेहरे असलेल्या कॉमिक्समध्ये पुष्कळदा पात्रे मेणाच्या पुतळ्यांसारखी दिसतात. हा चित्रकाराचा दोष की पद्धतीचा?

उत्तर : बव्हंशी पद्धतीचा. पात्र वापरण्याचा परवाना आणि नटाचा चेहरा वापरण्याचा परवाना या अमेरिकेत दोन निराळ्या गोष्टी असतात. चेहऱ्याचा परवाना मिळाला की तो चेहरा हुबेहूब दिसावा असा दबाव चित्रकारावर येतो आणि तो छायाचित्रे समोर ठेवून बसतो. छायाचित्र एका क्षणाचे असते. कॉमिकमधील चेहऱ्याला मात्र एका पानावर पाच-सहा चौकटींत चिडावे, दचकावे, हसावे लागते. त्या प्रत्येक भावाचे छायाचित्र कोठून आणणार? मग दोन-तीन ओळखीच्या मुद्रा फिरवून फिरवून वापरल्या जातात आणि आपण म्हणता तो मेणाचा पुतळा तयार होतो.

यावर उत्तम तोड मला ‘सुपरमॅन ’७८’ मध्ये दिसली. २०२१ च्या या सहा अंकी कॉमिकचे लेखक रॉबर्ट वेंडिट्टी आणि चित्रकार विल्फ्रेडो टोरेस. टोरेस यांच्या रेषा कमी आणि स्वच्छ आहेत. छायाप्रकाशाचे बारकावे त्यांनी जवळजवळ सोडूनच दिले आहेत. क्रिस्टोफर रीव्ह यांचा चेहरा त्यांनी कोरला नाही, रीव्ह यांची देहबोली पकडली. १९७८ च्या चित्रपटात रीव्ह यांनी क्लार्क केंट (सुपरमॅनचे साध्या माणसाचे रूप) आणि सुपरमॅन ही दोन माणसे चष्म्याने वेगळी केली नव्हती. खांदे पाडून, मान पुढे काढून, उंची जणू चोरून त्यांनी क्लार्क उभा केला आणि पाठीचा कणा ताठ करून सुपरमॅन. हा फरक रेषेत आणता येतो. क्लार्कची बाह्यरेषा आणि सुपरमॅनची बाह्यरेषा केवळ काळ्या सावल्या म्हणून काढल्या तरी ओळखू याव्यात, ही परीक्षा आपणही आपल्या चित्रवहीत करून पाहावी. वंडर वुमनच्या जुन्या टीव्ही मालिकेवरील ‘’७७’ या कॉमिकमध्येही लिंडा कार्टर यांची ओळख पटते ती त्यांच्या नाकाडोळ्यांपेक्षा त्यांच्या गिरकीने. साध्या वेशातून वंडर वुमन होतानाची ती गिरकी मालिकेत काही क्षणांची होती. कागदावर तिच्यासाठी एकाच आकृतीच्या अनेक प्रतिमा एकमेकींत मिसळून काढाव्या लागतात.

आणखी एक अडचण चित्रकलेच्या वर्गात शिकवली जात नाही. जॉन विल्यम्स यांच्या संगीताशिवाय १९७८ च्या सुपरमॅनची कल्पना करणे कठीण आहे, आणि कागद मुका असतो. वेंडिट्टी-टोरेस जोडीने उड्डाणाच्या प्रसंगांना संवादाचा एकही फुगा नसलेली मोकळी जागा दिली आहे, आणि ज्याने चित्रपट पाहिला आहे त्याच्या कानात ती धून त्या शांततेत आपोआप वाजू लागते. ‘बॅटमॅन ’६६’ ची गोष्ट उलटी. तिथे निर्माते विल्यम डोझियर यांचे भारदस्त निवेदन ही मालिकेची ओळख होती. ते निवेदन कॉमिकमध्ये चौकटीच्या वरच्या पट्टीत सहज बसले, कारण मालिकेने ते मुळात कॉमिक्सच्या पट्टीतूनच उचलले होते. मारामारीच्या वेळी पडद्यावर उमटणारे ‘पॉव’ आणि ‘झॅप’ हे शब्दही तसेच. माहेरी परत आल्यासारखे.

प्रश्न : कॉमिकमध्ये खर्चाची चिंता नसते. शंभर राक्षस काढायचे तर शाई तेवढीच लागते. म्हणून अशी कॉमिक्स मूळ मालिकेपेक्षा नेहमीच सरस ठरतात, असे माझे ठाम मत आहे. आपण सहमत व्हाल असे वाटते. (एक अभियंता)

उत्तर : मी सहमत नाही. माझ्या मते या प्रकारातील बहुतेक कॉमिक्स बिघडतात ती नेमकी याच कारणाने.

‘बफी द व्हँपायर स्लेअर’ ही मालिका घ्या. बफीला सुपरहिरो म्हणावे की नाही यावर मतभेद होतील, पण अमानुष ताकद, दुहेरी आयुष्य आणि जग वाचवण्याची जबाबदारी या तिन्ही गोष्टी असताना तिला या पंगतीतून उठवण्याचे कारण मला दिसत नाही. सात पर्वांनंतर २००३ मध्ये मालिका संपली आणि २००७ मध्ये निर्माते जॉस व्हीडन यांच्याच देखरेखीखाली डार्क हॉर्स प्रकाशनाने ‘आठवे पर्व’ कॉमिकच्या रूपात सुरू केले. ते ४० अंक चालले. पहिले अंक वाचताना मोकळ्या हवेत आल्यासारखे वाटते. स्कॉटलंडमधला किल्ला, मुलींची शिस्तबद्ध फौज, हेलिकॉप्टरे. मग हळूहळू हात सैल सुटतो. बफीची धाकटी बहीण आधी राक्षसी आकाराची होते, पुढे अर्धी घोडी, पुढे बाहुली; शेवटी बफीलाही आकाशात उडण्याची शक्ती मिळते. मालिकेत कमी पैशांमुळे जे दालन, जे ग्रंथालय, जे दफनस्थान पुन्हा पुन्हा दिसत असे, तेच तिचे घर होते. त्या घरात दोन माणसे दहा मिनिटे नुसती बोलत बसत आणि प्रेक्षक हलत नसे. कॉमिकला बोलत बसण्याची सक्ती उरली नाही आणि बोलणेच कमी झाले. नवव्या पर्वाचे मुख्य अंक २५ वर आणण्यात आले आणि कथा पुन्हा शहरी, रोजच्या आयुष्यातली झाली, यावरून कर्त्यांनाही काय जाणवले असेल ते समजते.

आपल्या बाजूने एक साक्ष मात्र मी स्वतःच देतो. ‘स्मॉलव्हिल’ या मालिकेने सुपरमॅनच्या तरुणपणाची गोष्ट दहा पर्वे आणि २१७ भागांत सांगितली, पण पोशाख नाही आणि उड्डाण नाही हा निर्मात्यांचा सुरुवातीपासूनचा नियम होता. २०११ च्या अखेरच्या भागातही संपूर्ण पोशाखातील नायक जवळून नीटसा दिसला नाही. २०१२ मध्ये त्याच मालिकेच्या लेखकमंडळातील ब्रायन क्यू. मिलर यांनी पेरे पेरेझ यांच्यासह ‘अकरावे पर्व’ कॉमिकमध्ये सुरू केले आणि वाचकांना तो नायक पहिल्याच अंकापासून पोशाखात, आकाशात मिळाला. चित्रपटांच्या हक्कांमुळे मालिकेला जो ब्रूस वेन कधी वापरता आला नाही, तोही आला. हे योग्यच झाले, कारण येथे मर्यादा उठवण्यासाठी कथा दहा वर्षे तयारी करत होती. बफीच्या कथेला तशी तयारी नव्हती. अर्थात कागदावरही सगळे मोकळे रान नसते. मिलर यांनी या कॉमिकसाठी बॅटमॅनच्या कथांतील स्टेफनी ब्राउन हे पात्र नाइटविंग या मुखवटाधारी नायकाच्या भूमिकेत योजले होते. ते जाहीर झाल्यानंतर तिच्या जागी त्याच कथांतील बार्बरा गॉर्डन आली. खर्चाची कात्री नसली तरी संपादकाची असतेच.

(सजीवपटांच्या, म्हणजे अ‍ॅनिमेशन मालिकांच्या, पुढच्या कॉमिक्सविषयी तीन पत्रे आहेत, त्यांना येथेच थोडक्यात उत्तर देतो. जी मालिका मुळातच रेषांची आहे, तिला कागदावर यायला फारसे सोंग घ्यावे लागत नाही. १९९२ च्या बॅटमॅन सजीवपट मालिकेचे पॉल डिनी आणि अ‍ॅलन बर्नेट २०२० मध्ये टाय टेम्पलटन यांच्या चित्रांसह ती कथा कॉमिकमधून पुढे घेऊन आले, ते वाचताना खंड जाणवत नाही. त्यांचाच जुना नमुना अधिक बोलका आहे. हार्ली क्विन हे पात्र जन्मले त्या मालिकेत; तिची पूर्वकथा डिनी आणि ब्रूस टिम यांनी १९९४ मध्ये ‘मॅड लव्ह’ या कॉमिकमध्ये सांगितली, आणि १९९९ मध्ये त्या कॉमिकवरून पुन्हा सजीवपटाचा भाग तयार झाला. ‘एक्स-मेन’च्या बाबतीत असे झाले नाही. त्या सजीवपटाचे ‘’९२’ नावाचे कॉमिक २०१५ मध्ये आले, पण २०२४ ची ‘एक्स-मेन ’९७’ ही मालिका त्या कॉमिकची दखल न घेता आपल्या वाटेने गेली.)

प्रश्न : ‘बॅटमॅन ’६६’ मी छापील संग्रहात वाचले. एक मित्र म्हणतो की त्याने ते टॅब्लेटवर वाचले आणि त्यात चित्रे ‘हलत’ होती. तो थट्टा करतो आहे का? (एक गृहिणी)

उत्तर : थट्टा नाही. हे कॉमिक आधी डिजिटल आणि नंतर छापील असे निघत होते. डिजिटल प्रकरणे साधारण ९९ सेंटना एक अशी विकली जात आणि ती पुढे छापील अंकात एकत्र केली जात. सुरुवातीच्या प्रकरणांसाठी डीसीने एक नवे तंत्र वापरले होते. पडद्यावर बोट टेकवले की पुढचे पान येण्याऐवजी त्याच चौकटीत बदल होई: प्रकाश पडे, पात्राची नजर वळे, संवादाचा फुगा मागाहून उमटे. चित्रे खऱ्या अर्थाने हलत नव्हती. एकावर एक ठेवलेली चित्रे वाचकाच्या बोटाने बदलत होती. ठोसा बसल्यावर ‘पॉव’ कधी दिसावा हे त्यामुळे वाचकाच्या हाती आले. मालिका टीव्हीवर पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती हे कधीच नव्हते. छापील संग्रहात त्या साऱ्या पायऱ्या गोळा होऊन एकच चौकट उरते, आणि आपण पान उलटता तेव्हा ठोसा बसलेला असतो, खलनायक हवेत असतो आणि ‘पॉव’ आधीच उमटलेला असतो.